थांबला तो फसला

गेल्या आठवड्यात ८ जीबी डीडीआर-४ रॅमची एक पट्टी आणायला लॅमिंग्टन रोडवर गेलो. भाव ऐकून म्हटलं, "परवा फोनवर कमी सांगितला होतात की!" दुकानदार शांतपणे म्हणाला, "साहेब, तो परवाचा रेट. आता आम्हीच सकाळ-संध्याकाळ विचारून सांगतो." असं वाक्य मी आजवर फक्त सोनाराच्या पेढीवर ऐकलं होतं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्स घाऊक उचलल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने आपल्यासारख्यांसाठीचा 'क्रुशल' हा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. मी रिकाम्या हाताने ग्रँट रोड स्टेशन गाठलं.

पेंटियमचा जमाना सोडून देतो. तेव्हा कॉम्प्युटर वडिलांचा होता, त्यावर फुलाफुलांचं कव्हर असे आणि 'व्हाइस सिटी' परीक्षेनंतरच मिळे. माझं खरं दशक सुरू झालं २०१४ ला, जीटीएक्स ७५० टीआय हे कार्ड आलं तेव्हा. ते जेमतेम ६० वॉट खाई. मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच ७५ वॉट मिळत असल्याने त्याच्या बहुतेक मॉडेलांना वेगळी पॉवर केबल लागत नसे. कुठल्याशा ऑफिसातून भंगारात निघालेला डेस्कटॉप उचलायचा, त्यात हे कार्ड खोचायचं, झाला गेमिंग पीसी.

त्याआधी एकदा हात पोळले होते. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस. स्टिकरवर ५०० वॉट, वजन रिकाम्या डब्याइतकं. मे महिन्यातल्या एका दुपारी 'फट्' झालं, जळका वास आला आणि जाताना तो मदरबोर्डलाही घेऊन गेला. दुकानदाराचं निदान : "तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल." बिल कच्चं होतं, त्यामुळे वॉरंटीही कच्चीच. आजही कुणी स्वस्तातल्या पीसीचा सल्ला मागितला, की मी प्रोसेसरचं नाव घेण्याआधी एसएमपीएस हातात घेऊन बघायला सांगतो.

आमचं सगळं एकेका पार्टने चाले. यंदा कार्ड, दिवाळीला रॅम, बोनस झालाच तर एसएसडी. २०१७ ला एएमडीने रायझन आणलं आणि त्याचं एएम-४ सॉकेट पुढे इतकं टिकवलं, की बायोस अपडेट केल्यावर त्याच जुन्या बोर्डावर मी पाच वर्षांनी नव्या पिढीचा प्रोसेसर बसवला. पैसे कमी असले तरी आमच्याकडे धीर होता. सहा महिने थांबलं की तीच वस्तू स्वस्त मिळते, या एका भरवशावर आम्ही संसार केला.

त्या भरवशाला पहिला तडा क्रिप्टो-मायनिंगवाल्यांनी दिला. २०१७ च्या अखेरीला आणि पुन्हा २०२१ मध्ये कार्डं दुकानातून गायब. घेणाऱ्यांना गेम खेळायचेच नव्हते. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंग बंद केलं आणि ती राबवलेली कार्डं विक्रीला आली. मीही एक आरएक्स ५८० घेतलं. उघडलं तर थर्मल पेस्ट खडूसारखी वाळलेली, एक पंखा घरघरणारा. पेस्ट बदलली, पंख्यात तेलाचा थेंब सोडला. अजून चालतंय.

माझं जुनं ७५० टीआय भाच्याकडे आहे. तेही चालतंय. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच्या पिढीच्या कार्डांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर मिळणं थांबलं आणि त्याच महिन्याच्या १४ तारखेला विंडोज १० चा सपोर्टही संपला. पूर्वी वस्तू बिघडली की बाद व्हायची. आता धडधाकट वस्तूला तारीख देऊन घरी बसवतात. भाचा विचारतो, "मामा, थोडं थांबू का?" आयुष्यभर मी याचं उत्तर 'हो' असं दिलं. या वेळी गप्प बसलो.

त्या दिवशी लॅमिंग्टन रोडवरून घरी येऊन कॅबिनेट उघडलं. बंद पडलेली पट्टी काढली, मुलीच्या कंपासपेटीतल्या खोडरबरने तिच्या पिवळ्या पिना चौथ्यांदा घासल्या, फुंकर मारली, दुसऱ्या स्लॉटमध्ये 'टक्' आवाज येईपर्यंत दाबली. स्क्रीनवर ८ जीबीच दिसली, दुसऱ्या पट्टीची.

झाकण लावलं, स्क्रू मात्र बाहेरच ठेवलेत.