हॉल ‘एल’ आकाराचा आहे? मग मापांना नावं द्या!

लोकलमध्ये ऐकताना आकडे हातून निसटतात, म्हणून या भागाचं हे लेखी रूप.

माझी मावशी ठाकुर्लीत फ्लॅट बघत होती. ब्रोकर म्हणाला, “हॉल २३८ स्क्वेअर फूट.” आम्ही टेप लावला. सगळ्यात लांब बाजू ५.१८ मीटर, रुंदी ४.२७. गुणाकार केला तर खरंच २३८ येतात! पण हॉल ‘एल’ आकाराचा होता. एक कोपरा किचनने खाल्लेला, आणि किचनचं माप वेगळं सांगितलेलं. म्हणजे तोच कोपरा दोनदा मोजला.

मग मी फोनवर जिओजेब्रा उघडलं. हा मोफत ग्राफिंग कॅल्क्युलेटर ऑस्ट्रियाच्या मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१मध्ये सुरू केला.

आता नीट बघा. आधी मापं साठवायची. अ‍ॅपमध्ये इंग्रजी स्मॉल अक्षरांत पी = ४.२७, क्यू = ३.०५, आर = २.७४, एस = ५.१८. मग कोपरे, हे कॅपिटल अक्षरांत:

ए = (०, ०)
बी = (पी, ०)
सी = (पी, क्यू)
डी = (आर, क्यू)
ई = (आर, एस)
एफ = (०, एस)

शेवटी ‘हॉल = पॉलिगॉन(ए, बी, सी, डी, ई, एफ)’. कोपरे भिंतीच्या कडेने ओळीने घ्या. क्रम चुकला तर रेषा एकमेकींना छेदतात आणि क्षेत्रफळ चुकतं.

उत्तर १८.८६ चौरस मीटर. ‘हॉल’ला १०.७६४ने गुणा, २०३ स्क्वेअर फूट. म्हणजे ३५चा फरक! समजा दर फुटाला १०,००० रुपये आहे, तर साडेतीन लाख झाले ना?

आता म्हणाल, हे कागदावरही जमलं असतं. जमलं असतं. पण मावशीने पुन्हा टेप लावला आणि रुंदी ४.२४ निघाली. मी फक्त पी बदलला. आकार, क्षेत्रफळ, फूट सगळं आपोआप बदललं: २०२. इथे ‘हॉल’ हे नाव आकृतीला जोडलेलं असतं. टीआय-८४सारख्या हातातल्या कॅल्क्युलेटरवर गुणाकाराचं उत्तर साठवलं, तर तिथे नुसता आकडा राहतो. माप बदललं तरी तो जुनाच! आणि स्क्रीनवरचा १८.८६ पुन्हा टाइप करू नका, नाव वापरा. आतला आकडा जास्त नेमका असतो.

अजून एक. हे सगळं कोपरे काटकोनात आहेत असं धरून चाललंय. खात्रीसाठी ए ते सी अंतर काढा. पहिल्या मापांनी ते ५.२५ मीटर येतं. टेपने तोच कर्ण मोजा. जुळला नाही, तर एकतर भिंत तिरकी किंवा माप चुकलं.

आणि करारावर सही करण्याआधी शब्द बघा: ‘कार्पेट एरिया’. २०१६च्या रेरा कायद्यात आतल्या पार्टिशन भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. म्हणून टेपच्या आकड्याची बेरीज करारापेक्षा थोडी कमी आली, तर लगेच भांडू नका. आधी भिंतींची जाडी मोजा.

मावशीने काय केलं? आमचं चित्र ब्रोकरला दाखवलं आणि शांतपणे विचारलं, “दादा, हा कोपरा हॉलचा की किचनचा?” तो पुन्हा मोजायला तयार झाला.

आज घरी गेल्यावर तुमची एक खोली मोजून बघा. भेटू पुढच्या भागात!