नदीचं पाणी आहे हो!

आईला परत आणायचं म्हणून २०२५ च्या ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांची रजा काढून इंग्लंडला धाकट्या भावाकडे गेले होते. ऑक्सफर्डशायरमध्ये टेम्सच्या काठाला तो राहतो. दोन मित्रांबरोबर भागीत त्याने एक जुनी छोटी होडी घेतली आहे. रविवारी तिच्यात बसून नदीतून तास-दोन तास फिरायचं, एवढीच त्याची चैन.

तर त्या रविवारी आई आणि मी काठावरच्या बाकावर बसलो होतो आणि भाऊ होडी धूत होता. छोटा पंप, त्याचं एक टोक नदीत, दुसऱ्या टोकाला पाइप. तेवढ्यात कुत्र्याला फिरवायला आलेले एक आजोबा थांबले. आवाज चढवला नाही, पण शब्द असे की भावाचा चेहराच पडला. पाणीबंदी चालू आहे, ठाऊक आहे ना? लोकांच्या बागा वाळल्यात आणि तुम्ही होड्या धुता!

इंग्लंडात आणि पाणीटंचाई? आपल्याला वाटतं, तिथे बारा महिने पाऊस. पण २०२५ चा तिथला वसंत शंभराहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा गेला. ११ जुलैला यॉर्कशायरमध्ये नळाला पाइप लावायला बंदी आली आणि २२ जुलैपासून टेम्स वॉटर या कंपनीने भावाच्या भागातही ती लागू केली. मोडली तर हजार पौंडांपर्यंत दंड. २०२२ साली तर टेम्सचा उगमच आटला होता आणि नदी नेहमीच्या जागेपासून सुमारे आठ किलोमीटर खाली सुरू होत होती, हे भावाने तिथेच सांगितलं. आईने लगेच हात जोडले. नदी कोणाचीही असो, आटली म्हटलं की तिचे हात जुळतातच.

मूळ कायदा गाडी धुणं आणि बागेला पाणी घालणं, एवढ्यापुरताच होता. २०१० साली नवा कायदा झाला आणि यादी लांबली. घराच्या भिंती-खिडक्या, अंगणातल्या फरशा, पोहण्याचे घरगुती हौद, शोभेची कारंजी, आणि हौसेच्या होड्यासुद्धा! पण त्यात एक मेख आहे. बंदी आहे ती कंपनीने पुरवलेल्या पाण्याला. नदीतून स्वतः उचललेलं पाणी तिच्यात येत नाही. दिवसाला वीस घनमीटर, म्हणजे वीस हजार लिटरपर्यंत पाणी उचलायला परवानासुद्धा लागत नाही. भावाची होडी शे-दोनशे लिटरमध्ये लख्ख होते आणि ते पाणी पुन्हा नदीतच पडतं. साबण मात्र तो लावत नाही. नुसतं पाणी आणि ब्रश. फेस नदीत गेला तर मासे आणि पाणकिडे यांच्या जिवावर येतं, म्हणून.

म्हणजे भाऊ कायद्याने पूर्ण बरोबर होता. तसं त्याने आजोबांना सांगितलंही. ते म्हणाले, असेल बुवा, पण लांबून बघणाऱ्याला काय कळणार? आणि गेले.

मला त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं वाटलं नाही. लंडनच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग याच टेम्समधून, शहराच्या वरच्या अंगाला उचलतात. नदीचं पाणी आणि नळाचं पाणी ही काही सावत्र भावंडं नव्हेत. शिवाय तिथे आणखी एक पेच आहे. होडी एका नदीतून दुसरीकडे न्यायची तर ती नीट धुऊन, वाळवूनच न्यावी लागते. नाहीतर परके शिंपले आणि झिंगे बुडाला चिकटून नव्या पाण्यात जातात. २०१० साली ग्रॅफम वॉटर या जलाशयात असेच परके खुनी झिंगे सापडले होते. तेव्हा टंचाई असली तरी होडी धुणं हे दर वेळी चैनीचंच काम असतं असं नाही.

आई इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अगं, आपल्या नावाड्याचं आठवतं का?”

आठवत होतं. २०१६ चा उन्हाळा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचं पाणी भरून रेल्वे लातूरला गेली होती. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. आणि इकडे चिकोडी तालुक्यात, आईच्या माहेरी, कृष्णेचं पात्र उघडं पडलेलं. एका डोहात तेवढं पाणी उरलं होतं. कोयनेतून पाणी सोडा म्हणून कर्नाटकाने महाराष्ट्राकडे मागणी करायची, ही आमच्या सीमाभागातली उन्हाळ्याची नेहमीचीच बातमी. डोहावर बायकांची घागरींची रांग, आणि त्याच डोहातून नावाडी घागर-घागर पाणी नेऊन वाळूत पडलेल्या आपल्या लाकडी नावेवर ओतत होता. वर ओली पोती टाकत होता.

बायका भडकल्या. माणसांना प्यायला नाही आणि हा लाकडाला अंघोळ घालतोय! तो म्हणाला, “वाळली तर फळ्या आकसतात. सांधे उघडतात. मग पावसाळ्यात पाण्यात टाकली की बुडणार.” कोणी ऐकेना. शेवटी माझी आजी पुढे झाली. “ओतू दे त्याला दोन घागरी. माझ्या वाटणीच्या घे म्हणावं.”

आजी २०१८ ला गेली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, गल्लीत पाणी शिरलं, तेव्हा मामा-मामी आणि शेजारची दोन लेकरं त्याच नावेतून बाहेर आली. नावाड्याने त्याचे पैसे घेतले नाहीत, असं मामी अजून सांगते.

भावाला यातलं काहीच माहीत नव्हतं. २०१६ ला तो तिकडेच होता. ऐकून घेतलं, पंप बंद केला, पाइप गुंडाळला.

“अरे, कायद्यात बसतं ना तुझं?” मी विचारलं.

“बसतं गं ताई. पण ते आजोबा रोज इथून जातात.”

मग गाडीतून त्याने दोरी बांधलेली बादली आणली आणि नदीत सोडली. आईने पुठ्ठ्याचा एक तुकडा शोधला आणि माझ्याकडून त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘नदीचं पाणी’ असं लिहवून घेतलं. त्याखाली तिने स्वतःच्या हाताने मराठीतही लिहिलं. भाऊ म्हणाला, “आई, हे इथे कोण वाचणार?”

“नदी वाचेल,” आई म्हणाली आणि पुठ्ठा होडीच्या कठड्याला अडकवून आली.