घडी कशी मोडते? लेखांक 6 : फरदड

पोळ्याच्या तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्यांमधला मजकूर दरसाल बदलतो, कापसाचा भाव आणि कर्जमाफीही त्यात येते, पण प्रथा टिकून राहते, हे मागच्या लेखात पाहिलं. त्यातून निघणारं माझं म्हणणं आता मांडतो : माणसाला एकट्याने बदलता येतं ते लवकर बदलतं, जे सगळ्यांनी एकाच वेळी बदलावं लागतं, ते चिवट राहतं. मतदानाचंच बघा. आर्णी तालुक्यातल्या दाभडीत 20 मार्च 2014 रोजी नरेंद्र मोदींची ‘चाय पे चर्चा’ झाली आणि त्याच वर्षी आर्णीची जागा काँग्रेसच्या शिवाजीराव मोघे यांच्याकडून भाजपकडे गेली. 2019 मध्ये आर्णी ज्यात येते तो चंद्रपूर लोकसभा मतदारसंघ काँग्रेसने जिंकला, राज्यातली तिची ती एकमेव जागा. काही महिन्यांत विधानसभेला आर्णीत पुन्हा भाजप निवडून आला. बटण दाबताना शेजाऱ्याला विचारावं लागत नाही.

शेतकरी रूढीला चिकटून असतो, हा आक्षेप इथे हमखास येतो. तो खरा नाही. बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली आणि दहा वर्षांच्या आत देशातलं बहुतेक कपाशीचं क्षेत्र त्याखाली गेलं. ज्वारीच्या रानात सोयाबीन आलं तेही याच लोकांनी आणलं. मग हाच कास्तकार फरदड का सोडत नाही? दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते. डिसेंबर संपता संपता पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून रान मोकळं करायचं असतं. पण ओलिताची सोय असली की एक पाणी आणि थोडा युरिया देऊन तीच पऱ्हाटी पुन्हा फुलोऱ्यावर आणता येते, हीच फरदड. बियाण्याचा खर्च नाही, नांगरट नाही, आणि ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर हातात रोकड. एका घरापुरता हा हिशेब अगदी बरोबर आहे. फक्त त्या हिरव्या बोंडात गुलाबी बोंडअळीलाही आसरा मिळतो. पुढच्या हंगामात शेजारच्या शिवारात डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुलं, दिसू लागतात. बाहेरून धड दिसणारं बोंड फोडलं तर आत सरकी पोखरलेली आणि रुईची कवडी झालेली. 2017 मध्ये हेच घडलं. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती माणसं विसरून कीडनियंत्रणावर लिहिणं मला शक्य नाही.

भाव चांगला द्या, फरदड आपोआप सुटेल, असं पुष्कळ जण म्हणतात. भाव मिळायलाच हवा, पण त्याने फरदड सुटत नाही. 2021-22 मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 6,025 रुपये होता आणि बाजारातला भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. तेव्हा विदर्भात फरदड उलट वाढली. मोहाची किंमतच वाढली होती. मी एकट्याने पऱ्हाटी उपटली तर माझं उत्पन्न जातं, अळी मात्र बांधावरून येतच राहते, हे ज्याला कळतं त्याला अडाणी म्हणणं अन्याय आहे. घडी मोडल्याचं उदाहरणही आहे : अमेरिकेने 2018 मध्ये आपला कापूस या अळीपासून मुक्त झाल्याचं जाहीर केलं. तिथे बीटी वाण, वंध्य पतंग सोडणं आणि ठरल्या मुदतीत पिकाचे अवशेष गाडणं हे सगळं टापूच्या टापूने एकत्र केलं, शेतकऱ्यांनी त्यात स्वतःचा पैसाही घातला. तिथली शेतं मोठी, आपली दोन-चार एकरांची, हा फरक मोठा आहे आणि तो मी नाकारत नाही. मात्र बियाण्याची विक्री 1 जूनच्या आत होऊ न देण्याचा निर्बंध राज्याने आणला, तेव्हा लहान शेतीतही पेरणीची तारीख सगळ्यांसाठी एकदम पुढे ढकलता येते हे दिसलं. हंगामाचं दुसरं टोक तसंच मोकळं राहिलं आहे. पऱ्हाटी उपटण्याची तारीख गावाने ठरवायची असेल, तर फरदडीचे बुडणारे पैसे कोण भरून देणार हे त्याच ग्रामसभेत ठरायला हवं. जिनिंगच्या आवारात पडून राहणाऱ्या कापसातून आणि सरकीतूनही पतंग उडतात. त्या मालकांना या हिशेबात कसं घ्यायचं, ते पुढच्या लेखांकात पाहू.