गाजर गवत आणि देहाचे पहारेकरी

मृगाचा पाऊस पडून गेला, की जळकोटच्या माळावर, उदगीरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांस, शेतांच्या बांधांवर व गावातील पडीक जागेत एक हिरवेगार रोप दाटीने वर येते. पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली, आणि शेंड्यावर बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके. दुरून पाहणाऱ्यास ते शोभिवंतच वाटावे. ह्या रोपास कोणी गाजर गवत म्हणतात, कोणी काँग्रेस गवत, तर कोणी चटकचांदणी. शास्त्रीय ग्रंथांत त्याचे नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस असे आहे. वस्तुतः ते गवत नव्हे. सूर्यफूल व शेवंती ज्या कुळातील, त्याच कुळातील ते आहे.

ह्या झाडाविषयी शाळेच्या वार्षिकात लिहावयाचे कारण असे. वर्षानुवर्षे शेतात राबलेल्या एखाद्या गृहस्थाच्या पापण्यांस, मानेस व कोपरांच्या लवणीत प्रथम खाज सुटते. पुढे कातडी लाल होते, पाझरते, आणि कालांतराने जाड व काळी पडून चेहऱ्यावर घड्या दिसू लागतात. मग गावात कुजबूज सुरू होते. कोणी त्यास स्पर्शजन्य रोग ठरवितो, कोणी कुष्ठ म्हणतो, कोणी पूर्वकर्माचे फळ. घरातदेखील त्याचा पेला निराळा ठेवला जातो. अशी माणसे आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांच्या खाजेपेक्षा त्यांचे एकाकीपण आम्हास अधिक दुःखद वाटले आहे. ह्या विकाराचे खरे कारण काय, हे विद्यार्थ्यांनी समजून घेऊन घरी सांगितले, तर हा अन्याय पुष्कळ अंशी टळेल.

हे झाड मूळचे आपल्या देशातील नाही. ते अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील आहे. पुण्याच्या परिसरात ते वाढत असल्याची नोंद आर. एस. राव ह्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५६ साली केली. परदेशातून आणलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले असावे, असा सर्वसाधारण समज आहे. एका झाडापासून १५,००० ते २५,००० पर्यंत बिया होतात. त्या इतक्या हलक्या असतात की वारा, पाणी, गुरांचे खूर व गाड्यांची चाके त्यांस सहज दूर नेतात. त्यामुळे पुण्याचे हे रोप थोड्याच वर्षांत मराठवाड्यातच काय, पण साऱ्या हिंदुस्थानात पसरले. त्यापाठोपाठ पुणे व आसपासच्या भागात त्वचेच्या दाहाचे रोगी दिसू लागले. लोणकर, मिचेल व कॅलनन ह्या वैद्यकतज्ज्ञांनी १९७४ साली लंडनमधील एका त्वचारोगविषयक नियतकालिकात ह्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. त्याच बांधावर दहा माणसे काम करतात. विकार मात्र एखाद्यासच होतो. झाड विषारी असते, तर सर्वांस सारखीच बाधा व्हावयास नको काय? ह्याचे उत्तर झाडात नसून आपल्या देहात आहे.

गावाच्या वेशीवर जसे जागले असत, तसे आपल्या देहातही पहारेकरी आहेत. रक्तातील पांढऱ्या पेशी व त्यांच्या निरनिराळ्या जाती म्हणजेच हे पहारेकरी. १८८२ साली मेचनिकॉफ ह्या रशियन शास्त्रज्ञाने इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात बारीक काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहतो, तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! आपल्या पायात बाभळीचा काटा रुतला असता ती जागा लाल होते, सुजते, ऊन लागते व ठणकते. तेथेही असाच गराडा पडलेला असतो. ह्यालाच दाह म्हणतात. दाह हा मुळात शत्रू नव्हे. ती पहारेकऱ्यांची धावपळ आहे. काटा निघाला, जंतू मेले, की पहारेकरी पांगतात आणि सूज ओसरते. मात्र जेथे शत्रू नसतानाच ही धावपळ होते, आणि झाली की थांबत नाही, तेथे रक्षणकर्तेच घराची नासधूस करू लागतात. निरुपद्रवी वस्तूविरुद्धच्या अशा वागणुकीस ॲलर्जी म्हणतात. हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ फॉन पिर्के यांनी १९०६ साली प्रचारात आणला.

ॲलर्जीचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी दोन येथे ध्यानात ठेवावयाचे, आणि गाजर गवत हे दोन्ही उत्पन्न करू शकते. पहिला प्रकार तात्काळ होणारा. फुलातील पराग नाकात गेले, की काही मिनिटांत शिंका, डोळ्यांस पाणी व कोणास दमा सुरू होतो. ह्यात आयजीई नावाचे एक प्रतिपिंड मुख्य असते. त्याचा शोध १९६६ च्या सुमारास इशिझाका ह्या जपानी दांपत्याने व स्वतंत्रपणे स्वीडनमधील संशोधकांनी लावला. हे प्रतिपिंड मास्ट नावाच्या पेशींवर चिकटून बसते. ओळखीचा पराग येऊन त्यास भिडला, की त्या पेशी आपल्या पोतडीतील हिस्टामीन हे द्रव्य बाहेर सांडतात, आणि त्यामुळे हा सर्व उपद्रव होतो.

दुसरा प्रकार विलंबाने होणारा, आणि आमच्या त्या शेतकरी गृहस्थाचा विकार तो हाच. ह्यात झाडाशी संपर्क आल्यावर एकदोन दिवसांनी दाह उमटतो; म्हणूनच पुष्कळांस कारणाचा पत्ता लागत नाही. हा प्रकार रक्तातील द्रवामुळे होत नसून पेशींमुळे होतो, हे लँडस्टायनर व चेस यांनी १९४२ साली दाखवून दिले. एका गिनीपिगास एका रसायनाची बाधा होत होती. त्याच्या रक्तातील नुसता द्रवभाग दुसऱ्या प्राण्यास टोचून काही घडले नाही; परंतु पेशी टोचताच दुसऱ्यासही तीच बाधा होऊ लागली. ह्या पेशींस आज आपण टी-पेशी म्हणतो.

गाजर गवताच्या पानाफुलांवरील सूक्ष्म लवेत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. त्याचा रेणू इतका लहान, की पहारेकऱ्यांनी त्याची दखलही घेऊ नये. पण त्वचेत शिरताच तो आपल्याच प्रथिनांस घट्ट चिकटतो. घरच्या माणसाने परक्याचा फेटा बांधून दारात यावे आणि कुत्रा त्याच्यावर धावून जावा, तसा प्रकार होतो. त्वचेत लँगरहान्स नावाच्या ताऱ्यासारख्या पेशी असतात. १८६८ साली बर्लिनमध्ये वैद्यक शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने त्या प्रथम पाहिल्या, आणि त्याचेच नाव त्यांस मिळाले. ह्या व त्यांच्यासारख्या इतर पेशी ते बदललेले प्रथिन उचलून काखेतील, जांघेतील व मानेतील गाठींकडे नेतात व तेथील टी-पेशींस दाखवितात. शिकलेल्या टी-पेशींची संख्या वाढते आणि त्या त्वचेकडे परततात. हा पहिला धडा मुकाट्याने होतो; बाहेर काहीच दिसत नाही. अनेकांच्या बाबतीत वर्षांमागून वर्षे संपर्क घडल्यावरच तो पुरा होतो. एकदा तो झाला, की वाऱ्याबरोबर उडणारी वाळलेल्या झाडाची धूळही दाह पेटविण्यास पुरते. म्हणूनच पापण्या, चेहरा व मान ह्या उघड्या जागी हा विकार प्रथम दिसतो.

ह्या पेशी धडा विसरत नाहीत, ही गोष्ट अलीकडील संशोधनाने अधिक स्पष्ट झाली आहे. बोस्टन येथील संशोधकांनी २००६ साली असे दाखविले, की निरोगी माणसाच्या त्वचेत सुमारे २,००० कोटी टी-पेशी असतात, म्हणजे रक्तातील संख्येच्या जवळजवळ दुप्पट. त्यांतील काही रक्ताबरोबर फिरत नाहीत. त्या त्वचेतच ठाण मांडून बसतात. दाह बरा झाल्यासारखा दिसला तरी ह्या पेशी तेथेच असतात, आणि म्हणून पुढील खेपेस बहुधा त्याच जागी, व पूर्वीपेक्षा लवकर, दाह उठतो.

मग ह्या पहारेकऱ्यांस आवरणारा कोणीच नाही काय? आहे, आणि त्याच शोधास २०२५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जपानचे शिमॉन साकागुची यांनी १९९५ साली टी-पेशींची एक निराळी जात दाखवून दिली. तिचे काम लढणे नसून इतरांस थोपविणे हे होय. पुढे अमेरिकेत मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल यांनी उंदरांच्या एका रोगट वाणाचा अभ्यास केला. त्या उंदरांची कातडी खवल्यांसारखी होई व ते अल्पायुषी ठरत. २००१ साली ह्या दोघांनी त्यामागील बिघडलेला जनुक शोधून काढला. त्यास फॉक्सपी-३ म्हणतात. थोपविणाऱ्या पेशींची घडण ह्याच जनुकावर अवलंबून असते, हे २००३ साली सिद्ध झाले. प्रतिकारशक्ती म्हणजे केवळ मारण्याची शक्ती नव्हे. कोठे थांबावे हे कळणे हाही तिचा अर्धा भाग आहे, हे ह्या संशोधनाचे सार होय. बांधावरील दहांपैकी नऊ माणसांस काही होत नाही, ह्याच्या मुळाशी अशी आवरण्याची शक्तीही असते.

येथवरच्या विवेचनावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली अशी की, ज्या विकारास जंतू कारण नाही, तो एकापासून दुसऱ्यास लागणे शक्य नाही. रोग्याचा पेला, अंथरूण वा पंगत निराळी करण्याचे काहीच कारण उरत नाही. (कुष्ठरोग्यासही दूर लोटणे तितकेच चुकीचे आहे, तो रोग औषधांनी पूर्ण बरा होतो.) दुसरी अशी की, ज्याच्या पेशी हा धडा शिकल्या, त्याने झाडापासून दूर राहणे हाच पहिला उपाय. निदान पक्के करण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ त्या द्रव्याची पट्टी पाठीवर दोन दिवस चिकटवून ठेवतात व नंतर खूण पाहतात. उपचारांत दाह शमविणारी मलमे असतात, आणि तीव्र विकारात पेशींचा जोर कमी करणारी ॲझाथायोप्रिनसारखी औषधे. त्यांचा उपयोग दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी ह्याच विकारात करून पाहिला आहे. ती केवळ वैद्यांच्या देखरेखीखाली घ्यावयाची असतात. दुकानातून कोणतेही मलम आणून महिनोन्महिने चोळीत राहणे घातक आहे. त्याने कातडी पातळ होते व मूळ कारण तसेच राहते.

आता शेवटची, आणि विद्यार्थिमित्रांस विशेष उद्देशून सांगावयाची गोष्ट. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट ह्या काळात देशभर गाजर गवत जागृती सप्ताह पाळतात. अशा प्रसंगी मुलांनी उत्साहाने उघड्या हातांनी ही झाडे उपटून कवेत घेऊन वाहिलेली आम्ही पाहिली आहेत. हेतू उत्तम, पण प्रत्येक उघडा स्पर्श हा त्या न दिसणाऱ्या शिक्षणाचा एक एक पाठ ठरू शकतो. मुलांत हा विकार त्या मानाने क्वचित दिसतो, हे खरे. तथापि त्याचा पाया बालपणापासून घातला जाऊ नये. म्हणून झाड फुलावर येण्यापूर्वीच, जमीन ओली असताना, हातमोजे घालून व अंगभर कपडे लेवून मुळासकट उपटावे. नाकातोंडास फडके बांधावे. नंतर हातपाय साबणाने धुवावेत व कपडे निराळे धुवावेत. ज्याच्या अंगास पूर्वी एकदा जरी खाज सुटली असेल, त्याने हे काम करूच नये. त्याबद्दल त्यास कोणी आळशी म्हणू नये. मोकळ्या झालेल्या जागी तरोट्यासारखी दाट वाढणारी झाडे येऊ दिली, तर गाजर गवतास जागा उरत नाही. हे झाड खाणारा मेक्सिकोतील एक भुंगेराही १९८४ पासून आपल्या देशात सोडला गेला आहे. पावसाळ्यात तो झाडांची पाने फस्त करतो.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे, की आपल्या गावात चेहरा काळवंडलेला, सतत मान खाजविणारा असा कोणी शेतकरी असेल, तर त्यास टाळू नये. त्याच्याजवळ बसावे, त्यास त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्यास सांगावे, जमल्यास सोबत जावे, आणि त्याच्या बांधावरचे गाजर गवत आपण उपटून द्यावे. त्याच्या देहाचे पहारेकरी आप्तासच परका समजण्याची चूक करीत आहेत. आपण शहाण्या माणसांनी तरी तीच चूक करू नये.