‘तीनच किलोमीटर तर आहे!’ : साठीनंतरची छोटी शर्यत

सातपूरला बोलायचं म्हटल्यावर समोर निम्मे लोक कंपनीतून निवृत्त झालेले असणार, असं धरूनच मी आलो होतो. तसंच दिसतंय. तीस-तीस वर्षं एमआयडीसीत शिफ्ट सांभाळल्यावर आता सकाळ तुमच्या हाती आली आहे. कुणी फिरायला जातं, कुणी हळूहळू पळायला लागलंय. आणि मग कुठूनतरी पत्रक येतं: रविवारी सकाळी दौड, ज्येष्ठांसाठी तीन किलोमीटर, टी-शर्ट आणि मेडल. घरचे म्हणतात, जा की, तीनच किलोमीटर तर आहे.

मला आज या ‘तीनच’ शब्दाबद्दल बोलायचं आहे. छोटी शर्यत म्हणजे सोपी शर्यत, असं आपण धरून चालतो. शरीराला विचारलं तर ते वेगळं सांगेल.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घेऊ. लता भगवान करे हे नाव तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. बारामती भागात शेतमजुरी करणाऱ्या बाई, वय साठीच्या पुढे. नवरा आजारी, एमआरआय काढायचा तर पैसे नाहीत. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या 3 किलोमीटरच्या गटाला 5000 रुपयांचं बक्षीस होतं. त्या नऊवारीत, अनवाणी पळाल्या आणि पहिल्या आल्या. पुढे 2020 मध्ये त्यांच्या नावानंच चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि 67व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. (जाता जाता: मॅरेथॉन म्हणजे 42.195 किलोमीटर. आपल्याकडे मात्र चौकातून निघून चौकात परत येणाऱ्या कुठल्याही दौडीला मॅरेथॉनच म्हणतात. असू दे.)

ही गोष्ट नेहमी चमत्कार म्हणून सांगितली जाते. जिद्द असेल तर काहीही होतं, असं तात्पर्य काढून लोक टाळ्या वाजवतात. मला ते पटत नाही. एक तर तपासणीच्या पैशासाठी म्हाताऱ्या बाईला पळावं लागलं, ही टाळ्या वाजवायची गोष्ट नाही. दुसरं असं, की शेतमजुरी करणारी बाई त्या सकाळी तयारीशिवाय आली नव्हती. दिवसभर उभ्यानं, वाकून, चालत काम करणं, ओझं उचलणं, हे सगळं वर्षानुवर्षं चाललेलं. पाय आणि काळीज तयारच होतं. आपण टीव्हीवर तिची जिद्द पाहतो आणि खुर्चीतून उठून थेट तिच्यासारखं पळायला जातो. धोका तिथं आहे.

आता ‘तीनच’चं गणित पाहू. शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, याला एक कमाल मर्यादा असते. तिला इंजिनची ताकद म्हणू. मॅरेथॉन पळणारा माणूस या ताकदीचा साधारण तीन चतुर्थांश भाग वापरत तासन् तास पळतो. तीन किंवा पाच किलोमीटर जीव लावून पळणारा मात्र 90 टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे अंतर कमी, पण इंजिन जवळजवळ पूर्ण दाबलेलं. मशीनवर काम केलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आणि ही ताकद वयाबरोबर उतरते. तिशीनंतर बैठं जगणाऱ्या माणसात दर दहा वर्षांना सुमारे 10 टक्के. जो नियमित, दमदार व्यायाम करत राहतो त्याची घसरण जवळपास निम्म्यावर येते, पण थांबत नाही.

किती थांबत नाही? कॅनडातले एड व्हिटलॉक हे या बाबतीतलं जगातलं मोठं उदाहरण. हा माणूस घराजवळच्या स्मशानभूमीतल्या रस्त्यावर रोज तास-तास फेऱ्या मारायचा. 2004 मध्ये 73व्या वर्षी त्यांनी पूर्ण मॅरेथॉन 2 तास 54 मिनिटं 48 सेकंदांत पळून दाखवली. 2016 मध्ये, 85व्या वर्षी, त्याच अंतराला 3 तास 56 मिनिटं 34 सेकंद लागले. तोही विक्रमच. पण बारा वर्षांत एक तासाहून जास्त फरक पडला, त्यांच्यासारख्या माणसाचाही. तेव्हा तुमचा वेळ मागच्या वर्षीपेक्षा अर्धा मिनिट वाढला तर आपण कमी पडलो असं समजून पुढच्या वेळी छाती फुटेस्तोवर पळू नका.

मग मंदावतं नक्की काय? लोक म्हणतात दम पुरत नाही. दम हे एक झालं. पण वयस्कर धावपटूचं पळणं बाजूनं नीट बघा. मिनिटाला पावलं तो जवळपास तितकीच टाकतो, पाऊल मात्र आखूड झालेलं असतं. तरुण माणूस घोट्यातून जमिनीला मागे ढकलतो आणि पुढे फेकला जातो. ते काम पोटरीचं. वय वाढतं तशी पोटरीची ताकद कमी होते, स्नायूंमधले झटपट आकसणारे तंतू आधी झिजतात. संथ चालण्यात ते फारसे लागत नाहीत, म्हणून रोज पाच किलोमीटर फिरणाऱ्यालाही ते गेल्याचं कळत नाही. कळतं ते शर्यतीत, जेव्हा पोटरीत एकदम कळ येते.

म्हणून नुसतं फिरणं ही छोट्या शर्यतीची तयारी नाही. जिन्याच्या पायरीवर कठडा धरून टाचा उचलायच्या आणि सावकाश खाली आणायच्या, एक दिवसाआड. आठवड्यातून एकदा चढावर झपाझप चालायचं. सपाट रस्त्यावर वीस-वीस सेकंद जरा वेगानं पळायचं आणि मध्ये श्वास पूर्ण बसेपर्यंत चालायचं. दोन-तीन महिने एवढं केलं तर पोटरीला शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदाच धक्का बसत नाही.

तुमचा त्र्यंबक रोड घ्या. नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाताना रस्ता हळूहळू चढत जातो. गाडीवर जाणवत नाही, पायांना जाणवतं. तिकडे जाऊन परत फिरायची शर्यत असली तर पहिला भाग चढाचा, आणि त्याच वेळी भोंगा वाजलेला, ढोल चाललेला, शेजारून विशीतली पोरं सुसाट निघालेली. पहिल्या तीन-चार मिनिटांत आपल्याला भारी वाटतं, कारण श्वासाची यंत्रणा मागणीला पोचायला वेळ घेते आणि तोवर शरीर उधारीवर चालतं. साठीत ही यंत्रणा आणखी सावकाश पोचते. उधारी फेडायला लागते ती दुसऱ्या किलोमीटरला. परतीच्या उतारावर मांडीचे स्नायू ब्रेकसारखे राबतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलतात. त्यातून नाशिकची हिवाळ्यातली पहाट. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. तेव्हा सुरू व्हायच्या आधी वीस मिनिटं चालून, थोडं हलकं पळून अंग तापवायलाच हवं. स्टेजवर पाहुण्यांचं भाषण लांबलं तर जागच्या जागी हलत राहा.

घड्याळाबद्दल. मनगटावरचं घड्याळ 220 वजा वय असं करून नाडीची मर्यादा दाखवतं. 62 वर्षांच्या माणसाला 158. 2001 मध्ये आलेलं दुसरं सूत्र आहे: 208 वजा वयाच्या सात दशांश. त्यानं साधारण 165 येतात. दोन्ही सरासरी आहेत, प्रत्यक्ष माणूस दहाने वरखाली असू शकतो. आणि बीपीसाठी मेटोप्रोलोलसारखी नाडी मंदावणारी गोळी चालू असेल तर दोन्ही सूत्रं बाद. त्यापेक्षा अर्ध्या वाटेपर्यंत एक छोटं वाक्य न तुटता बोलता येतंय का ते पाहा. शर्यतीआधी डॉक्टरांना दाखवा, आणि छातीत दाब, जबडा किंवा डावा हात भरून येणं, डोळ्यांपुढे अंधारी यातलं काहीही झालं तर तिथंच थांबा. मेडल पुढच्या वर्षी मिळेल.

गुडघ्यांबद्दल विचारणारच आहात. 2017 च्या एका मोठ्या एकत्रित आढाव्यात हौशी धावपटूंमध्ये गुडघा किंवा खुब्याच्या सांध्याची झीज 3.5 टक्के लोकांत आढळली, बैठ्या लोकांत 10.2 टक्के आणि स्पर्धात्मक धावपटूंत 13.3 टक्के. म्हणजे बसूनही झिजतात आणि अति केल्यानंही. आधीच दुखणाऱ्या गुडघ्याला हा आकडा दाखवू नका, त्याला डॉक्टर दाखवा. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 1984 पासून पन्नाशीपुढच्या धावपटूंचा पाठपुरावा केला. 19 वर्षांनी त्यातले 15 टक्के वारले होते, न पळणाऱ्या तुलनेच्या गटातले 34 टक्के. मुळात निरोगी माणसंच पळायला येतात, असं कुणी म्हणेल. ते काही प्रमाणात खरं आहे, म्हणून मी याला वचन म्हणत नाही. तरी फरक छोटा नाही.

आयोजक कुणी बसले असतील तर त्यांच्यासाठी एक. जगभरच्या ज्येष्ठांच्या मैदानी स्पर्धांत पाच-पाच वर्षांचे गट असतात, कारण 61 आणि 74 यांच्यात फार अंतर आहे. आपल्याकडे ‘60 वर्षांवरील’ अशी एकच रांग. मग चौऱ्याहत्तरचे काका एकसष्टच्या माणसामागे ओढ काढत पळतात.

आणि रेषा ओलांडल्यावर लगेच उभं राहू नका, खाली बसूही नका. पळताना पोटऱ्याच रक्त वर ढकलत असतात. पाय एकदम थांबले की रक्त खाली साचतं आणि चक्कर येते. पाच-सात मिनिटं चालत राहा. फोटोवाला थांबवेल, त्याला सांगा, चालता चालता काढ.