मुलांची कागदी मुखवटा कार्यशाळा: कमीत कमी किती मुलं हवीत?

व्हिडिओमध्ये मुखवटा करून दाखवला. इथे त्याचा धंदा कसा बसवायचा ते बघू.

हॅलोविन ३१ ऑक्टोबरला. पुण्यातल्या मोठ्या सोसायट्यांमध्ये आता मुलांसाठी तो होतो, आणि दिवाळी कायम आसपासच असते. २०२४ मध्ये तर नरकचतुर्दशी त्याच दिवशी होती. म्हणून माल असा घ्या की दोन्हीकडे चालेल. नारिंगी कार्डशीटच्या २ सेंटिमीटर रुंद ८ पट्ट्या कापा, एकावर एक ठेवून दोन्ही टोकांना भोक पाडा, फास्टनर लावा, वाकवून पंख्यासारख्या फिरवा. झाला भोपळा! रंग बदला, खाली झिरमिळ्या लावा, की तोच छोटा कंदील. रविवार पेठ, बोहरी आळीत कागद घाऊक घ्या. एकेक शीट कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतली तर नफा तिथेच गेला.

मुखवट्याला ए-फोर आकाराची जाड कार्डशीट लागते. मधून दुमडून अर्धा चेहरा काढायचा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. डोळ्यांची भोकं मोठी ठेवा, मुलांना पायाखालचं दिसलं पाहिजे. कपाळ आणि हनुवटीला छोटी चीर देऊन कडा एकमेकींवर चिकटवल्या की मुखवटा चेहऱ्यावर बसतो. इलॅस्टिकला गाठ मारा. स्टेपलर नको, पिन टोचते. पाच वर्षांखालच्या मुलांना आधीच कापून द्या. आत दिवा लावायचा तर बॅटरीवरचाच.

काही पालकांना भुतंबितं आवडत नाहीत. वाद घालू नका, वाघ-घुबड ठेवा. आणि 'मुखवटे आपल्याकडचे नाहीत' असं कोणी म्हटलं तर पालघर जिल्ह्यातल्या जव्हारचा बोहाडा सांगा. तिथे देव-राक्षसांचे मोठे रंगीत मुखवटे घालून सोंगं नाचतात. देवांचे मुखवटे मात्र मुलांकडून करून घेऊ नका असं माझं मत. कार्यक्रम संपला की अर्धे जमिनीवर पडलेले असतात.

आता हिशोब. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा फी २५० रुपये, एका मुलाचं सामान ४५. म्हणजे एका मुलामागे २०५ उरतात. क्लबहाउसचं भाडं ५००, मदतनीस ४००, नमुने आणि वाया गेलेला कागद १६०. हा १,०६० रुपयांचा खर्च एक मूल आलं तरी होणारच. १,०६० भागिले २०५ म्हणजे पाचच्या थोडं वर. सहा मुलं नसतील तर बॅच घेऊच नका.

बारा आली तर १,४०० उरतात. छान वाटतं ना? पण दोन तासांच्या कार्यशाळेमागे खरेदी, कापाकापी, जाणं-येणं धरून आणखी चार तास जातात. सहा तासांचे १,४००, म्हणजे ताशी साधारण २३३. बारा म्हणाले आणि सातच आले तर हातात ३७५ रुपये, ताशी ६२! म्हणून फी आगाऊच घ्या, दोन दिवस आधी यादी बंद करा. ओळखीच्या सोसायटीतही. 'ताई, तिथेच देतो' म्हणणारे पावसाचा एक शिडकावा झाला तरी येत नाहीत.

आणि मुलं मुखवटे घालून नाचत असतात, पालक फोटो काढत असतात, तेव्हाच कंदिलाच्या बॅचची तारीख सांगून नावं लिहून घ्या. पट्ट्या तुमच्याकडे कापलेल्या आहेतच.