पक्षाघातानंतर मनाचं काय?

पक्षाघाताचा झटका आला, माणूस वाचला, घरी आला. भेटायला येणारे विचारतात, "हात उचलतोय का? पाऊल टाकतोय का?" मन कसं आहे, हे कोणी विचारत नाही. आणि सुधारणा बरेचदा तिथेच अडते.

किती सुधारणा होईल हे मेंदूला इजा कुठे आणि किती झाली, वय काय, उपचार किती लवकर मिळाले, यावर अवलंबून असतं. हे नंतर बदलता येत नाही. मनाकडे मात्र लक्ष देता येतं.

झटक्यानंतर साधारण 3 पैकी 1 रुग्णाला कधी ना कधी नैराश्य येतं. घरचे म्हणतात, "आळस करतात, व्यायामच करत नाहीत." अहो, तो आळस नसतो! हालचालींतली सर्वांत वेगवान सुधारणा पहिल्या 3 महिन्यांत होते. नेमकं तेव्हाच मन खचलं, तर फिजिओथेरपी मागे पडते.

वाचा गेलेल्याला तर सांगताही येत नाही. म्हणून त्यांची झोप, भूक, चेहरा बघत राहा. 2 आठवडे उदासी हटली नाही, तर डॉक्टरांना सांगा. यावर औषधं आहेत, समुपदेशन आहे. आणि 3 महिने उलटले म्हणजे सगळं संपलं, असंही समजू नका. सुधारणा पुढेही होत राहते, फक्त हळू.